दीड लाखाचं कर्ज आणि डोळ्याचं इंजेक्शन

 

मागच्या भागात आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज डोळ्यांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, बचत गटवाल्यांचा आणि डोळ्यांचा काय संबंध? आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण ही गोष्ट सुरू झाली कर्जाच्या मागणीने, आणि कर्जाची मागणी शेवटी आमच्याच वहीत येते.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या काही गावांत गटांचं काम पाहतो. बैठक घ्यायची, हिशेब तपासायचा, ठराव लिहायचा, बँकेत चकरा मारायच्या. आमच्यात कोणी डॉक्टर नाही, नर्स नाही. आज जे सांगतोय ते आम्ही विचारून विचारून शिकलो, आणि थोडं तोंड पोळून शिकलो. ज्या ताईची ही गोष्ट आहे तिला विचारूनच बोलतोय. तिचं नाव आणि गाव मात्र सांगणार नाही.

रोवणी आटोपल्यानंतरची बैठक होती. गटात बारा जणी, महिन्याला शंभर रुपये बचत, अंतर्गत कर्जावर शेकडा दोन रुपये व्याज. एकीला खतासाठी पाच हजार हवे होते, एकीला मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आठ हजार. ते झालं. मग ही ताई उठली आणि म्हणाली, "मले दीड लाख पाहिजेत."

सगळ्या गप्प. गटाच्या खात्यात तेव्हा सत्तर हजारही नव्हते. बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं, पण ते शिलाई मशीन आणि शेळ्यांसाठी. ताई म्हणाली, "मी शेळ्या नाही घेत. माझा वाटा मले द्या, बाकीच्यांनी आपला वाटा मले उसना द्या. पोराचे डोळे वापस आले की मी मरेपर्यंत फेडीन."

तिचा मुलगा तेरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईत तिच्या लक्षात आलं. आपल्याकडे मंडई म्हटली की रात्रभर नाटक, दंडार, दुकानं, सगळं गाव रस्त्यावर. मुलगा उजेडात ठीक चालायचा, पण मंडपाच्या मागे अंधारात गेला की माणसांवर आदळायचा, बांधीत पाय घालायचा. लोक म्हणाले, रातांधळेपणा आहे, पपई खाऊ घाल, शेवग्याचा पाला खाऊ घाल. तिने वर्षभर खाऊ घातला. मग दिवसाही चेंडू त्याच्या पायाजवळून जायचा आणि त्याला दिसायचा नाही. तेव्हा ती त्याला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी थेंब टाकून पाहिलं, म्हणाले पडद्याचा आजार आहे, जन्मजात आहे, याला उपचार नाही, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. चिठ्ठीवर फक्त इंग्रजीत दोन अक्षरं होती, आर. पी.

त्या दोन अक्षरांपुढे जी रिकामी जागा राहिली, ती मोबाइलने भरली. आम्हाला यात त्या डॉक्टरांवर रागवायचं नाही, बाहेर किती गर्दी असते ते आम्ही पाहिलंय. पण आईला कोणी दहा मिनिटं बसून सांगितलं नाही की ती ऐकणार कुठे? जो सांगतो त्याचंच ऐकणार.

सांगणारा एक व्हिडिओ होता. हिंदीत. मोठ्या शहरातलं एक उपचार केंद्र, पांढरा कोट घातलेला माणूस, आणि एक मुलगा जो इंजेक्शन घेतल्यावर वर्तमानपत्र घडाघडा वाचून दाखवतो. त्याची आई रडते. खाली फोन नंबर. मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, शरीरातूनच काढून डोळ्यात सोडतात, मेलेला पडदा पुन्हा जिवंत होतो, साइड इफेक्ट नाही.

आता जे कबूल करायचं ते करूनच टाकतो. तो व्हिडिओ त्या ताईपर्यंत आमच्याच मोबाइल ग्रुपवरून गेला होता. आमच्यापैकीच एकीने, हात जोडल्याची खूण लावून, "गरजूंपर्यंत पोहोचवा" असं लिहून तो पुढे ढकलला होता. उघडून शेवटपर्यंत पाहिलाही नव्हता.

बैठकीत जोरात वाद झाला. एक म्हातारी बाई म्हणाली, "आपण काय डॉक्टर आहो का जी, नाही म्हणायले?" दुसरी म्हणाली, "पोराच्या डोळ्यासाठी नाही देणार तर पैसा काय चुलीत घालायचा?" तिसरी हळूच म्हणाली, की माझ्या नणंदेच्या नवऱ्याचे असेच दोन लाख गेले, लकव्याच्या औषधात. त्या दिवशी ठराव झाला नाही. पंधरा दिवसांची मुदत घेतली. ताई चिडून उठून गेली. तिचं चिडणं बरोबर होतं, कारण त्या केंद्राने तिला सांगितलं होतं की या महिन्यात पैसे भरले तर वीस हजारांची सूट आहे.

त्या पंधरा दिवसांत आम्ही आधी ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे गेलो. कागद दाखवले. त्या माणसाने आम्हाला अर्धा तास दिला. बाकावर बसवलं आणि घराची खूण देऊन डोळा समजावला.

डोळा म्हणजे एक खोली समजा. समोर काचेची खिडकी आहे, तिला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. खिडकीच्या मागे भिंग आहे. ते भिंग धुरकट झालं की मोतीबिंदू. आणि खोलीच्या मागच्या भिंतीवर एक नाजूक पडदा आहे, त्यावर चित्र उमटतं आणि नसेतून मेंदूकडे जातं. हा पडदा म्हणजे दृष्टिपटल, रेटिना. आपल्याकडे मोतीबिंदूलाही "पडदा आला" म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. मोतीबिंदूचा पडदा काढता येतो, भिंग बदलता येतं. मागच्या भिंतीचा पडदा बदलता येत नाही.

आर. पी. म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. जगात साधारण चार हजार माणसांत एकाला होणारा हा आनुवंशिक आजार आहे. ऐंशीहून अधिक जनुकांपैकी कशात तरी दोष असतो आणि पडद्यावरच्या पेशी कडेकडून मरत जातात. अंधारात पाहण्याचं काम ज्या पेशी करतात त्या आधी जातात, म्हणून पहिलं लक्षण रातांधळेपणा. मग बाजूचं दिसणं कमी होतं. माणूस जणू नळीतून पाहतो.

इथे एक गोष्ट आम्ही जोर देऊन सांगतो. रातांधळेपणा सगळा एक नसतो. जीवनसत्त्व अ कमी पडलं तरी रातांधळेपणा येतो, आणि तो औषधाने बरा होतो. म्हणून तर नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना अंगणवाडीत, उपकेंद्रात त्या जीवनसत्त्वाचे डोस पाजतात. तेव्हा "जन्माचं आहे" म्हणून घरी बसू नका आणि "पपईने जाईल" म्हणूनही बसू नका. कोणता रातांधळेपणा आहे ते डोळ्यात थेंब टाकून, पडदा पाहूनच कळतं.

मग आम्ही साहेबांना तो व्हिडिओ दाखवला. मुलगा वर्तमानपत्र वाचतो तो भाग. ते काही बोलण्याआधीच ताईचा मुलगा, जो कोपऱ्यात उभा होता, तो म्हणाला, "मी पण वाचतो की."

साहेब हसले. त्यांनी भिंतीवरचा तक्ता त्याला वाचायला लावला. पोराने खालून दुसरी ओळ वाचली.

मैत्रिणींनो, आम्हाला त्या क्षणाला जे कळलं ते आधी शंभर वेळा सांगूनही कळलं नसतं. या आजारात मधली नजर बरीच वर्षं शाबूत राहू शकते. कडा जातात, मध्य राहतो. म्हणजे असा मुलगा कॅमेऱ्यासमोर वर्तमानपत्र वाचून दाखवतो, यात इंजेक्शनचं काही कर्तृत्व आहे असं ठरत नाही. तो इंजेक्शनच्या आधीही वाचत असेल. त्याला संध्याकाळी अंधारात बांधावरून चालायला लावलं असतं, किंवा नजरेचा घेर मोजणाऱ्या यंत्राचा आधीचा आणि नंतरचा कागद दाखवला असता, तर गोष्ट वेगळी. तो कागद व्हिडिओत नव्हता.

आणखी एक. हा आजार हळूहळू वाढतो, वर्षानुवर्षांत. इंजेक्शन घेऊन तीन महिन्यांनी कोणी म्हणालं की "नजर आहे तेवढीच टिकली," तर इंजेक्शन न घेताही बहुधा तेवढीच टिकली असती. ज्याने दीड लाख दिलेत त्याला तर थोडं जास्तच दिसल्यासारखं वाटतं. त्यात तो खोटं बोलत नसतो. आपणही महागाचं लुगडं घेतलं की ते आवडून घेतोच ना.

आता मूळपेशी. आम्हाला वाटलं होतं की हा शब्दच खोटा असेल. तसं नाही, आणि म्हणूनच तो फसवायला सोपा आहे. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल किती घरांत आहे ते तुम्हाला माहीत आहे. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आजारांत काही रुग्णांना अस्थिमज्जा बदलतात, तो मूळपेशींचाच उपचार आहे आणि तो मान्य आहे. डोळ्यातही समोरच्या खिडकीसाठी असं काम झालं आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी लेकराच्या हातात फुटते, चुना डोळ्यात उडतो, खिडकीची कड जळते. अशा वेळी चांगल्या डोळ्याच्या कडेचा बारीक तुकडा काढून जळलेल्या डोळ्यावर लावण्याची शस्त्रक्रिया आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचं त्यात मोठं काम आहे. (चुन्याच्या पुड्या आणि डब्या लेकरांच्या हाती देऊ नका, हे जाता जाता. आणि चुना उडालाच तर दवाखान्यात पळण्याआधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा.)

पण रक्तात जमलं, खिडकीत जमलं, म्हणून मागच्या भिंतीवर जमतं असं होत नाही. मागच्या पडद्यासाठी जगभर संशोधन चालू आहे, ते अजून संशोधनच आहे. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लिहिलं आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा रुग्णांवरचा वापर हा प्रयोग समजायचा, आणि तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचा. दुकान मांडून विकायचा नाही.

आता प्रयोग म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. "आमच्या पोरावर प्रयोग करता का?" असं आपण म्हणतो. पण खऱ्या प्रयोगाला नियम असतात. देशात २०१९ पासून नवीन औषधं आणि चाचण्यांचे नियम लागू आहेत. चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. समजेल अशा भाषेत कागद द्यावा लागतो, त्यात धोका काय आहे हे लिहावं लागतं, सही घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, नुकसानभरपाईचाही नियम आहे. आणि ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात.

इथे आमच्यातल्या त्या म्हाताऱ्या बाईने, जिने आधी "आपण काय डॉक्टर आहो का" म्हटलं होतं, एका वाक्यात निकाल लावला. ती म्हणाली, "म्हणजे शिकाऊ न्हावी आहे, तर तो पैसे काहून मागते?"

आम्ही केंद्राला फोन लावला. स्पीकर चालू ठेवून, ताईच्या समोर. आधी विचारलं, हा मान्य उपचार आहे का? उत्तर आलं, शंभर टक्के, हजारो पेशंट बरे झाले. मग विचारलं, आयसीएमआरच्या सूचनांत तर याला प्रयोग म्हटलंय? आवाज थोडा बदलला. म्हणाले, हो, हे आधुनिक संशोधन आहे. मग चाचणीचा नोंदणी क्रमांक द्या. भारतात अशा चाचण्यांची सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे, आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. त्यावर म्हणाले, मॅडम, नोंदणी संशोधनाची असते, हा तर उपचार आहे. आम्ही म्हटलं, आत्ताच तुम्ही संशोधन म्हणालात. फोन कट झाला. संध्याकाळी ताईच्या मोबाइलवर निरोप आला की सूट आता तीस हजारांची आहे.

नोंदणी क्रमांक मिळाला असता तर? तरी पुढे विचारायला हवं होतं. हे आम्हाला अमेरिकेतल्या तीन बायकांच्या गोष्टीवरून कळलं. म्हाताऱ्या बायका होत्या, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजतो, तो आजार त्यांना होता, पण कामापुरतं दिसत होतं. २०१५ मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या एका केंद्रात त्यांच्या पोटाची चरबी काढून, त्यातून मूळपेशी काढल्या असं सांगून, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन दिलं. प्रत्येकीने पाच हजार डॉलर भरले होते. त्यांच्यातल्या काहींनी त्या केंद्राची माहिती तिथल्या सरकारी नोंदवहीत पाहिली होती, म्हणून त्यांना वाटलं की हे सरकारमान्य संशोधन आहे. काही दिवसांत डोळ्यांत रक्तस्राव झाला, पडदे सुटले. तिघींचीही होती ती नजर बहुतेक गेली. मार्च २०१७ मध्ये हे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात डॉक्टरांनी लिहिलं. नोंदवहीत नाव असणं म्हणजे कोणी तपासून शिक्का मारला असं नव्हे. शिवाय एका दिवशी दोन्ही डोळे! आपल्याकडे साधा मोतीबिंदूसुद्धा सहसा आधी एका डोळ्याचा काढतात.

ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा ताईने पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे असलेलं पण जाऊ शकते?" व्हिडिओत एवढंच सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, झालं तर सोनं, नाही झालं तर पैसे गेले. पोराची मधली नजर, ज्या नजरेने तो आठवीची पुस्तकं वाचतो, ती पणाला लागते आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

खरं तर आम्ही आधीच शहाणं व्हायला हवं होतं. २०२४ च्या सप्टेंबरात एक बातमी आली होती, आठवत असेल. मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्स कंपनीचे प्रेसव्ह्यू नावाचे थेंब. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, त्यासाठी. टीव्हीवर, मोबाइलवर सगळीकडे एकच, डोळ्यात थेंब टाका, पंधरा मिनिटांत चष्मा सुटणार. आमच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांमध्ये आनंदीआनंद. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते त्या बायका. एका काकूने चष्म्याचा नंबर काढून आणला होता, तिने चष्मा करायचाच थांबवला. ऑक्टोबरात थेंब येणार म्हणून वाट पाहत बसली. पण सप्टेंबरातच केंद्राच्या औषध नियंत्रकांनी त्या थेंबांची परवानगी स्थगित केली. कारण कंपनी जे दावे करत होती त्यांना मंजुरी दिलेली नव्हती. आम्ही कोणताही खोटा दावा केला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यातलं औषध पायलोकार्पिन, जुनंच, काचबिंदूत पूर्वीपासून वापरलेलं. बाहुली बारीक करून काही तास जवळचं बरं दिसतं, असा त्याचा गुण आहे. म्हणजे मुळात काहीतरी होतं. पण "काही जणांना काही तास मदत होते" हे मोबाइलवर फिरता फिरता "चष्मा कायमचा सुटला" झालं. पहिली बातमी आमच्याकडे सात ग्रुपवरून आली. स्थगितीची एकाही ग्रुपवरून आली नाही. काकूचे चार महिने डोळे चोळण्यात गेले. शेवटी चष्मा केला, आता फॉल-पिको पुन्हा घेते.

कायद्याचंही सांगतो. औषधांच्या जादूटोण्यासारख्या जाहिरातींविरुद्ध देशात १९५४ सालचा कायदा आहे. कोणत्या आजारांवर औषधाची जाहिरात करायची नाही याची त्यात यादी आहे. त्या यादीत आंधळेपणा आहे, मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे, दृष्टीचे इतर विकारही आहेत. म्हणजे "आंधळेपणा बरा करतो" अशी औषधाची जाहिरात दिसली की तिथेच समजायचं, पुढचं वाचायची गरज नाही. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. व्हिडिओचा स्क्रीनशॉट, नंबर, तारीख जपून ठेवा.

पण फक्त "हे खोटं, ते खोटं" म्हणून आपण आईला परत पाठवू शकत नाही. म्हणून नागपूरला जायचं ठरलं. ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून तीन हजार रुपये दिले, प्रवास आणि तपासणीसाठी. पहाटेच्या गाडीने ताई, मुलगा आणि आमच्यातली एक जण. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पडदा तपासणाऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी नजरेचा घेर मोजला, पडद्याचे फोटो काढले. आजार तोच निघाला.

ताईने त्यांना सरळ विचारलं, "जगात कुठेच काही नाही का?" बाईंनी खोटं सांगितलं नाही आणि दारही लावलं नाही. म्हणाल्या, एक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत एका जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, लक्सटर्ना नावाचा. तो आरपीई-६५ या एकाच जनुकात दोष असेल तर चालतो, आणि तिथे त्याची किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर ठेवली होती. तुमच्या मुलात कोणत्या जनुकाचा दोष आहे ते जनुकीय तपासणीशिवाय कळणार नाही. तो दोष निघेल असं समजून चालू नका. पण तपासणी झाली तर पुढे कधी त्याच्या जनुकासाठी चाचणी निघाली तेव्हा त्याचं नाव देता येईल. दरवर्षी येऊन घेर मोजून घ्या. या आजारात मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, पडद्याला सूजही येऊ शकते, त्या दोन्हींवर उपचार आहेत. ते चुकवू नका.

परतीच्या गाडीत ताई भंडाऱ्यापर्यंत रडली. नंतर म्हणाली, "तुम्ही माझी आस तोडली." आमच्याकडे याला उत्तर नव्हतं, आजही नाही. महिनाभर ती बैठकीला आली नाही. बचतीचे शंभर रुपये मुलाच्या हाती पाठवायची.

मुलाने मात्र एक काम केलं. शाळेत त्याने स्वतःच बाईंना सांगितलं की मला मागचं-बाजूचं दिसत नाही, मला पहिल्या बाकावर मधोमध बसवा. इतके दिवस पोरं त्याला "आंधळ्या, धक्का देतोस काय" म्हणायची. बाईंनी वर्गाला समजावलं. दिव्यांगांसाठीच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज आम्ही भरला. २०१६ च्या कायद्यात अल्पदृष्टी आणि अंधत्व दोन्ही आहेत, प्रमाणपत्र तपासणी मंडळ देतं. कार्डासाठी गोंदियाला दोन चकरा झाल्या, तिसऱ्यांदा काम झालं. परीक्षेत जास्त वेळ, एसटीत सवलत, शिष्यवृत्ती, हे सगळं त्या कार्डावर अवलंबून आहे. पहिल्यांदा कार्ड नको म्हणाली ताई. शिक्का बसतो म्हणाली. मुलगाच म्हणाला, "आई, शिक्का नाही, तिकीट आहे."

आणि दीड लाखाचं? ठराव वहीत असा लिहिला: मागणी नामंजूर नाही, स्थगित. चाचणीचा कागद आणला, त्यात पैसे भरायचे नाहीत असं लिहिलेलं असलं, तर जाण्या-येण्याचा खर्च गट करेल. खाली बारा सह्या. बारावी ताईची, ती दोन महिन्यांनी आली तेव्हा केली. बँकेच्या कर्जातून तिने दोन शेळ्या घेतल्या.

व्हिडिओ अजून फिरतो. गेल्याच आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातल्या एका गटातून आमच्याकडे पुन्हा आला, तोच मुलगा, तेच वर्तमानपत्र, नंबर मात्र बदललेला. या वेळी आम्ही तो पुढे ढकलला नाही. पाठवणाऱ्या बाईला फोन केला. तिच्या जावयाचे डोळे आहेत. ती ऐकून घेईल की नाही, बघू. तिला आम्ही येत्या बुधवारी भेटतोय.

ताईच्या घरापासून बोअरिंगपर्यंतच्या वाटेवर अंधार असतो. मुलगा संध्याकाळी पाण्याला जातो तेव्हा भिंतीला हात लावत जातो. गटाने ग्रामपंचायतीला अर्ज दिला, दोन दिवे लावा म्हणून. ग्रामसभेत आम्ही सगळ्या जणी जाऊन बसलो होतो. एक दिवा लागला आहे, समाजमंदिराजवळचा. बोअरिंगजवळचा खांब उभा आहे, त्यावर बल्ब यायचा आहे.